पहिलं चित्रपुस्तक: प्रकाशकाकडे पाठवण्याआधी डमी कशी करावी

लहान मुलांची गोष्ट संगणकावर सलग वाचताना छान वाटते आणि पुस्तकाच्या पानांवर गेली की अडखळते. चित्रपुस्तकात वाक्याइतकंच पान उलटणंही गोष्ट सांगत असतं, पण सलग मजकुरात ते दिसत नाही. म्हणून संहिता पाठवण्याआधी कोऱ्या कागदांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करावीच. चित्रं काढता येत नसली तरी करावी.

ए-फोर आकाराचे 8 कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सुईदोऱ्याचे तीन टाके घाला. झाली 32 पृष्ठं. चित्रपुस्तकं बहुतेकदा एवढीच असतात, कारण मोठा कागद छापून, घड्या घालून कापला की पृष्ठं 8 किंवा 16च्या पटीत मिळतात. गोष्ट 34 पृष्ठांची झाली, तर ती दोन पृष्ठं फुकट वाढत नाहीत.

आता आकडे घाला. पृष्ठ 1 उजवीकडे येतं, आणि पुढेही सगळे विषम आकडे उजवीकडेच. पहिली 3 पृष्ठं शीर्षक, श्रेय आणि अर्पणपत्रिकेला सोडा. गोष्ट 4-5 या जोडपानापासून सुरू करा. 30-31पर्यंत 14 जोडपानं मिळतात आणि 32वं एकटं उरतं. ते शेवटच्या छोट्याशा गमतीसाठी राखून ठेवा. 500 शब्दांची गोष्ट असेल, तर एका जोडपानाला साधारण 35 शब्द येतात. एखाद्यावर 90 झाले, तर चित्राला जागाच उरत नाही.

मजकूर छापून, कात्रीनं तुकडे करून कागदी चिकटपट्टीनं लावा. गोंद नको, कारण हे तुकडे पुष्कळदा हलणार आहेत. खरं काम इथेच आहे. समजा, गोष्टीत असं आहे: ‘माळ्यावरून पुन्हा आवाज आला. खुडखुड, खुडखुड. घाबरलेली चिंगी लाकडी शिडीवरून हळूहळू वर चढली. पाहते तर काय, मांजरीची तीन पिल्लं!’ हे सगळं 8-9वर ठेवलं, तर ‘खुडखुड’ ऐकण्याआधीच मुलाला चित्रात पिल्लं दिसतात आणि मजा संपते. 9व्या पृष्ठाच्या तळाशी चिंगी शिडी चढू दे. पिल्लं पान उलटल्यावर 10वर भेटू देत. शिडी लाकडी आहे, चिंगी घाबरली आहे, हे चित्र सांगणारच आहे. मग वाक्य उरतं, ‘चिंगी वर चढली.’ असं काटताना जीव तुटतो, पण गोष्ट मोकळी होते.

मग डमी दुसऱ्या कुणाला तरी मुलांसमोर मोठ्यानं वाचायला द्या. लेखक स्वतः वाचतो तेव्हा कागदावर नसलेलं बरंच काही आवाजातून भरून काढतो. तुम्ही बाजूला बसून खुणा करा. मूल आधीच पान उलटू पाहतंय, तर तिथे मजकूर लांबला आहे. वाचणारा एकाच जागी दोनदा अडखळला, तर वाक्य बदला.

प्रकाशकाला मात्र युनिकोडमध्ये टाइप केलेली साधी फाइल पाठवा, जोडपानांचे आकडे घालून. तुम्ही स्वतः चित्रकार असाल, तर डमी आणि दोन-तीन पूर्ण झालेली चित्रं सोबत द्या. नसाल, तर स्वखर्चानं चित्रं काढून घेऊ नका. चित्रकार सहसा प्रकाशकच निवडतो. चित्रासाठी सूचना लिहायची ती मजकुरात नसलेली गोष्ट चित्रात दिसायला हवी असेल तिथेच.

पुस्तकाची पीडीएफ तपासायला आली की ती दोन-दोन पृष्ठं शेजारी ठेवून पाहा, पण पृष्ठ 1 एकटं दिसतंय ना, याची आधी खात्री करा. नाहीतर जोड्याच चुकतात आणि पान उलटण्याची सगळी मेहनत दिसेनाशी होते. घडीच्या खाचेत कुणाचा चेहरा किंवा अक्षर जात नाही ना, ते बघा. गोंदानं बांधलेलं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, तिथे जास्त जागा सोडावी लागते. कडेपर्यंत जाणारं चित्र कापणीसाठी 3 मिलिमीटर बाहेर गेलेलं हवं. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात, तेव्हा प्रत्येक शब्द पुन्हा वाचा. मुखपृष्ठावरचं शीर्षक आणि नाव तर अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचा, कारण मोठ्या टायपातली चूक नजरेतून सगळ्यात आधी निसटते.