ब्रुकलिनचं स्त्रीवादी कलादालन बघायला निघण्याआधी

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन म्युझियमच्या चौथ्या मजल्यावरचं सॅकलर सेंटर फॉर फेमिनिस्ट आर्ट बघायचं ठरलं असेल, तर तिकीट काढण्याआधी तिथे सध्या कोणाचं काम लावलंय ते बघून घ्या. २००७ मध्ये हे दालन उघडलं तेच मुळी जगभरच्या समकालीन स्त्री-कलाकारांच्या मोठ्या प्रदर्शनानं. इथली प्रदर्शनं बदलत असतात, आणि नेमकं मधल्या दिवसांत पोचलात तर ओढलेला पडदा बघून यावं लागेल. सोमवारी-मंगळवारी तर म्युझियमच बंद.

कायम असते ती अमेरिकन कलाकार जूडी शिकागोची ‘द डिनर पार्टी’, म्हणजे इतिहासातल्या आणि पुराणकथांतल्या स्त्रियांसाठी मांडलेलं जेवणाचं भलंमोठं टेबल. पुष्कळ लोक तेवढीच बघून परततात, म्हणून तिला किती वेळ द्यायचा ते आधीच ठरवा. मी म्हणेन, आजच्या कलाकारांचं काम आधी, डोळे ताजे असताना. व्हिडिओ असतील तर पाटीवर लांबी लिहिलेली असते, ती वाचूनच बसा.

मग ते टेबल. त्रिकोणी, एकेक बाजू ४८ फुटांची, ३९ जणींची ताटं मांडलेली आणि खालच्या फरशीवर आणखी ९९९ जणींची नावं. पहिल्या बाजूनंच सुरुवात करा, कारण पुढे पुढे ताटांवरचे आकार उठावदार होत जातात. चौथं ताट कालीचं आहे. पण खरी नजर ठेवायची ती ताटाखालच्या कापडावर: जिचं ताट, तिच्या काळाला साजेसं भरतकाम. टाके ओळखणारी एखादी मावशी बरोबर असेल तर तिला पुढे घाला, आपण मागून ऐकावं. बहुतेक ताटांवर योनीसारखे, फुलपाखरासारखे आकार आहेत. लहान मुलं बरोबर नेणार असाल तर घरीच बोलून ठेवा, तिथे कुजबुजत समजावणं अवघड जातं.

एक प्रश्नही बरोबर न्या. या ३९ जणींत कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री एकच, गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रुथ, आणि नेमक्या तिच्याच ताटावर योनीच्या आकाराऐवजी चेहरे का? यावरून शिकागोवर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

पिशवीत पेन नको, पेन्सिल असू द्या. फोनचा फ्लॅश बंद. पायात जुनी, सवयीची चप्पल.

दिवस उरला तर ब्रुकलिनमधलीच ए.आय.आर. गॅलरी जोडून घ्या. स्त्री-कलाकारांनी १९७२ मध्ये मॅनहॅटनमध्ये सहकारी तत्त्वावर सुरू केलेली ही जागा. अलीगढच्या कलाकार झरीना हाश्मीचाही या गॅलरीशी संबंध. १९८० मध्ये ॲना मेंदिएता आणि काझुको मियामोतो या कलाकारांसोबत तिनं इथे अमेरिकेतल्या ‘तिसऱ्या जगा’च्या स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन मांडलं होतं. गॅलरीच्या वेळा म्युझियमपेक्षा वेगळ्या, तेव्हा त्या स्वतंत्र बघून ठेवा.