मिनी ट्रॅक्टरसाठी घरगुती वजन: या चुका टाळा

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेत मिनी ट्रॅक्टरच्या मागे फवारणीची टाकी भरून उचलली की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळ रेटत जातो आणि ओळीच्या टोकाला वळताना खांबावर जातो. पाटण-जावळीच्या चढावर तर पुढची चाकं जमीनच सोडतात. पुढे वजन लावणं हा उपाय योग्यच आहे आणि ते घरी बनवताही येतं. पण किती किलो लावायचं यापेक्षा ते कुठे बसतं आणि कशानं धरलेलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

अंदाजानं वजन ठरवणं

टाकी मागच्या आसाच्या मागे लोंबते, म्हणजे तिथे तरफेसारखी उचल तयार होते. समजा ट्रॅक्टर ९०० किलोचा, त्यातले ३६० किलो पुढच्या चाकांवर आणि दोन आसांमधलं अंतर १.५ मीटर. भरलेली ३०० लिटरची टाकी, पंप आणि सांगाडा मिळून ४५० किलो, आणि त्या भाराचा मध्य मागच्या आसापासून ०.७ मीटर मागे. मग पुढच्या चाकांवरून ४५० × ०.७ ÷ १.५ = २१० किलो उतरतात. उरतात फक्त १५०. स्टिअरिंग हाताशी राहायला एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढे हवा, म्हणजे इथे २७० किलो.

वजन पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे लावलं, तर १ किलोमागे पुढच्या चाकांवर १.३३ किलो भार पडतो. वजनानं एकूण भारही वाढतो, तो धरून हिशोब १०५ ते ११० किलोवर येतो. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे वेगळे असतील, म्हणून वजनकाट्यावर जा. टाकी भरून उचललेली ठेवा, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, ब्रेक सोडून न्यूट्रलमध्ये वजन घ्या. मग पूर्ण ट्रॅक्टर चढवा. काटा १०-२० किलोच्या टप्प्यानं वाचत असेल तर तेवढी सूट धरा.

पुढच्या ब्रॅकेटला किती वजन चालतं, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं. हिशोबातला आकडा त्याच्या वर गेला तर वजन वाढवू नका. टाकीत ३०० ऐवजी २०० लिटरच भरा.

वाळूची पोती, दगड आणि माणूस

बंपरवर दोरीनं बांधलेलं पोतं धक्क्यांनी सरकतं आणि बरोबर पुढच्या चाकाखाली येतं. रोटरवर ठेवलेला दगडही असाच घसरतो. सगळ्यात वाईट म्हणजे भार म्हणून माणूस बसवणं. पुढे बसवलेला चाकाखाली जातो, अवजारावर उभा केलेला पात्यात. हे एका सरीपुरतंसुद्धा करू नका.

पेटी बनवताना

पुढच्यासाठी ५ मिमी पत्र्याची, आतून ४०० × ३०० × २०० मिमी मापाची पेटी सोयीची पडते. रिकामी पेटी साधारण १६ किलोची. नुसतं काँक्रीट भरलं तर सगळं मिळून ७५ किलोच्या आतच राहतं, कारण काँक्रीट लिटरला २.४ किलो आणि लोखंड साडेसात किलोच्या वर. म्हणून ५५ किलो भंगार लोखंड घालून उरलेली जागा काँक्रीटनं भरली की ११० किलोपर्यंत जाता येतं. सिमेंट सुमारे ७ किलो, पाणी साडेतीन लिटर, क्रश सँड आणि १० मिमीची बारीक खडी, प्रमाण १ : १.५ : ३. मोठी खडी लोखंडाच्या फटीत जात नाही, पोकळ्या राहतात आणि वजन कमी भरतं.

इथे दोन गोष्टी नेहमी बिघडतात. वर्कशॉपमधून आणलेल्या पंचिंगला (पत्र्याला भोकं पाडताना निघालेल्या चकत्यांना) तेल असतं, सिमेंट त्याला धरत नाही. ते साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. दुसरं, भंगारात ॲल्युमिनियमचा एकही तुकडा नको. ओल्या सिमेंटमध्ये त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, काँक्रीट फुगतं आणि तडकतं. चुंबक फिरवून निवडलंत की प्रश्न मिटतो.

पाणी जास्त घालून पातळ केलेलं काँक्रीट ओतायला सोपं, पण वर पाणी तरंगतं आणि थर ठिसूळ होतो. घट्टच ठेवा आणि सळईनं टोचत भरा. ओलं पोतं टाकून निदान ७ दिवस पाणी मारा, त्याआधी उचलू नका.

पेटी बसवायची ती कंपनीनं दिलेल्या ब्रॅकेटच्या भोकांवरच. पुढच्या बिडाच्या भागाला नवी भोकं पाडू नका, वेल्डिंगही नको. बीड तिथूनच तडकतं. बोल्ट ८.८ ग्रेडचे आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज ढिले न होणारे) घ्या, पहिल्या दोन तासांनी पुन्हा आवळा. रेडिएटरची जाळी झाकली गेली तर इंजिन तापेल. बॉनेट उघडतंय का तेही पेटी पक्की करण्याआधी बघा.

मागचा ठोकळा

पुढे लोडर असेल, गोठ्यातलं शेण भरायचं असेल, तर वजन मागे लागतं. इथे २०० लिटरच्या ड्रममध्ये काँक्रीट ओतायची सवय आहे. तो ४८० किलोचा होतो. मिनी ट्रॅक्टरची उचल ७५० किलो लिहिलेली असली तरी तो आकडा अवजार उचलणाऱ्या मागच्या दोन हातांच्या टोकाचा किंवा थोडा मागचा असतो. भाराचा मध्य त्याहून जितका मागे, तितकी खरी उचल कमी. शिवाय लोडर रिकामा झाला की तोच ठोकळा पुढची चाकं उचलतो. ६०० × ४५० × ४०० मिमी ठोकळा २६० किलोचा होतो आणि सिमेंटच्या एका गोणीत भागतो. पाणी २५ लिटरच्या वर नको. आत १० मिमी सळईचा पिंजरा, कडेपासून ४० मिमी आत. रुंद बाजू आडवी ठेवून तो बुटका ठेवा, उंच ठोकळा उतारावर ट्रॅक्टर कलंडायला मदत करतो.

ठोकळा हातांना जोडायच्या पिन नुसत्या काँक्रीटमध्ये रोवल्या तर महिन्याभरात ढिल्या होतात. १२ मिमी प्लेट पिंजऱ्याला वेल्ड करा आणि पिन त्या प्लेटला नटनं बसवा, म्हणजे झिजली की बदलता येते. कडक केलेल्या पिनला वेल्डिंग केलं की ती तिथेच तुटते. कॅटेगरी १ मध्ये (अवजार जोडणीचं एक ठरलेलं माप) खालच्या पिना २२ मिमी आणि टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) १९ मिमी असते. हातांमधलं अंतर मात्र तुमच्याच ट्रॅक्टरवर मोजा, कारण बऱ्याच मिनी ट्रॅक्टरचे हात अरुंद असतात. रस्त्यावर नेताना चेक चेन (हात बाजूला झुलू न देणारी साखळी) आवळलेली हवी, नाहीतर ठोकळा झुलून टायरला घासतो.

टाकी सोडली की पुढची पेटीही उतरवा. वरच्या हिशोबात टाकीशिवाय पुढच्या आसावर ५०० किलोच्या आसपास भार येतो आणि कृष्णाकाठच्या ओल्या काळ्या रानात तो चाकाखालची माती घट्ट दाबतो.