आठ फ्रेममधली कोळीण: गेमसाठी स्प्राइट काढताना आणि रंगवताना

पुण्यात गेमसाठी पात्रांची स्प्राइट ॲनिमेशन, म्हणजे पडद्यावर हलणारी पात्रांची छोटी चित्रे, काढण्याचे आणि रंगवण्याचे काम मी गेली सात वर्षे करते आहे. या कामाकडे वळू पाहणारी मुले-मुली मला आपली चित्रे दाखवतात, आणि त्यांतली बरीचशी खरोखर देखणी असतात. पात्राचे डोळे, दागिने, कपड्यांवरची नक्षी यांसाठी त्यांनी रात्री जागवलेल्या असतात. मी त्यांना एकच विनंती करते: हे पात्र खेळताना पडद्यावर जेवढे दिसणार आहे तेवढे लहान करा, पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि मग चालवून दाखवा. बहुतेकांची अडचण इथेच सुरू होते. स्प्राइट म्हणजे खेळणाऱ्याने दाबलेल्या बटणाला चित्राने दिलेले उत्तर असते आणि ते उत्तर एका नजरेत वाचता यावे लागते. रंग महत्त्वाचाच आहे, पण त्याची पाळी शेवटी येते, आणि ही गोष्ट मला कोणी सुरुवातीला सांगितली असती तर माझे पहिले वर्ष बरेच सुखाचे गेले असते.

वाचता येणे म्हणजे काय, हे १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या गेममधल्या पात्राकडे पाहून चांगले कळते. पुढे मारिओ म्हणून जगभर ओळखल्या गेलेल्या या पात्राला गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी टोपी दिली, कारण इतक्या थोड्या पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांमध्ये, हलणारे केस दाखवणे अवघड होते. मिशी दिली, कारण तिच्यामुळे नाक उठून दिसले. आणि धड व बाह्या वेगळ्या रंगांत ठेवल्या, कारण त्याशिवाय हलणारा हात दिसला नसता. त्यानंतरच्या, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या आठ बिटच्या घरगुती गेमयंत्रावर तर एका स्प्राइटला तीनच रंग मिळत, चौथी जागा पारदर्शकतेची असे. आज आपल्याला लाखो रंग उपलब्ध आहेत, पण मोबाइलच्या पडद्यावर पात्र अंगठ्याच्या पेराएवढेच दिसते, त्यामुळे त्या काळची शिस्त आजही उपयोगी पडते.

माझे बालपण अलिबागला गेले. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी आम्ही स्मरणचित्राचा सराव करत असू, आणि त्यात बाजाराचा देखावा हा हमखास विषय असे. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण मी तेव्हा किती वेळा काढली याची गणती नाही, पण ती चालते कशी हे मी पाहिलेच नव्हते. काही वर्षांपूर्वी एका गेमसाठी तेच पात्र काढायचे ठरले, तेव्हा मी पुन्हा मासळीबाजारात जाऊन तासभर नुसती पावले पाहत उभी राहिले. शरीर प्रत्येक पावलाला खाली जाते आणि वर येते, पण पाटी जवळजवळ एका पातळीत सरकते, म्हणजे मधला सगळा धक्का गुडघे, कंबर आणि मान मिळून झेलतात. दुसरी गोष्ट अशी की काष्टा घातलेल्या आखूड लुगड्यामुळे दोन्ही पाय काळ्या आकृतीतही स्वतंत्र दिसतात. गोल साडीतले पात्र बाजूने चालवायचे असेल तर पायांचे काम साडीच्या निऱ्यांकडून करून घ्यावे लागते आणि ते कितीतरी कठीण असते.

चालण्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारी हालचाल, आठ फ्रेममध्ये (एकामागून एक दिसणाऱ्या आठ चित्रांत) चांगला बसतो. पहिल्या फ्रेममध्ये पुढची टाच जमिनीला टेकते, दुसऱ्या फ्रेममध्ये वजन पडून शरीर सर्वांत खाली जाते, तिसऱ्या फ्रेममध्ये मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे जातो, चौथ्या फ्रेममध्ये शरीर सर्वांत वर उचलले जाते, आणि पुढच्या चार फ्रेम दुसऱ्या पायाच्या. कोळिणीच्या बाबतीत मी खालच्या फ्रेममध्ये पाटी फक्त एक पिक्सेल खाली आणली, खांदे मात्र चार पिक्सेल. कमरेला खोचलेल्या पदराचे सुटे टोक शरीरामागून दोन फ्रेम उशिरा हलवले. सेकंदाला १२ फ्रेम या वेगाने ती घाईत असल्यासारखी वाटत होती. प्रत्येक फ्रेम १०० मिलिसेकंद ठेवल्यावर तिच्या डोक्यावर खरोखर ओझे आले. हे सगळे राखाडी रंगातल्या कच्च्या रेषांवर झाले, आणि तेवढ्यानेच ती ओळखू येत होती.

हा क्रम मी चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका स्टुडिओत, मी एका शिपायाच्या ४६ फ्रेम रेषा स्वच्छ करून, रंग आणि सावल्या भरून पूर्ण केल्या, आणि त्यानंतरच त्या पहिल्यांदा गेममध्ये बसवल्या गेल्या. उडी उशिरा लागत होती, तलवारीचा वार अडखळत होता, आणि दरम्यान कॅमेरा मागे नेण्याचे ठरल्यामुळे २५६ पिक्सेल उंचीचे पात्र १६० पिक्सेलवर आले होते. चेहऱ्यावरचे सगळे बारीक काम त्या उंचीला चिखलासारखे दिसू लागले. तीन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून कच्च्या फ्रेम गेममध्ये चालवून, प्रोग्रामरच्या शेजारी बसून स्वतः बटणे दाबून पाहिल्याशिवाय मी एकही रेषा पक्की करत नाही.

वार करण्याच्या ॲनिमेशनमध्ये हे विशेष जाणवते. चित्रपटातल्या ॲनिमेशनमध्ये फटका मारण्याआधी हात मागे नेण्याची तयारी भरपूर दाखवता येते, कारण प्रेक्षक केवळ पाहत असतो. गेममध्ये तयारीच्या चार फ्रेम सेकंदाला १२ या वेगाने ठेवल्या, तर बटण दाबल्यापासून फटका लागेपर्यंत एक तृतीयांश सेकंद जातो आणि खेळणाऱ्याला पात्र आपले ऐकत नाही असे वाटते. म्हणून तयारी एका-दोन फ्रेममध्ये उरकावी, प्रत्यक्ष फटक्याची फ्रेम ताणलेली आणि ठळक काढावी, आणि वजन दाखवायचे ते फटक्यानंतर सावरण्याच्या फ्रेममध्ये दाखवावे. शत्रूच्या बाबतीत मात्र उलटे करावे; त्याची तयारी लांब असली तरच खेळणाऱ्याला बाजूला होण्याची संधी मिळते.

आता रंगाकडे येते. आधी पात्राचे पॅलेट, म्हणजे वापरायच्या रंगांचा संच, ठरवावे आणि ते वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवावे. माझ्या कोळिणीला एकूण १४ रंग पुरले: त्वचा, लुगडे, चोळी आणि पाटी यांना प्रत्येकी तीन छटा, शिवाय केसांचा आणि बाह्यरेषेचा असे दोन. सावलीची छटा मूळ रंगात काळा मिसळून करण्याची सवय बहुतेक नवशिक्यांना असते आणि त्याने चित्र मळकट होते. हिरव्या लुगड्याची सावली किंचित निळ्याकडे आणि उजेड किंचित पिवळ्याकडे झुकवला की तोच हिरवा ताजा दिसतो. उजेड कोणत्या बाजूने येतो ते एकदा ठरवून सर्व फ्रेममध्ये पाळावे, पण तो थोडासा समोरून आणि वरून ठेवणे सोयीचे, कारण पात्र डावीकडे वळते तेव्हा गेम बहुधा तेच चित्र उलटे करून दाखवतो आणि एका बाजूचा कडक उजेड तेव्हा खटकतो.

सपाट रंग भरताना रेषेच्या खाली वेगळा लेअर (चित्राचा स्वतंत्र थर) ठेवावा आणि रंग रेषेच्या मध्यापर्यंत न्यावा. मऊ कडेच्या रेषेत सॉफ्टवेअरमधल्या ‘बादली’ या साधनाने रंग ओतला तर रेषेलगत पांढरी किनार राहते, जी पांढऱ्या कागदावर दिसत नाही आणि रात्रीच्या प्रसंगात झगमगते. म्हणून मी प्रत्येक पात्र पांढऱ्या, काळ्या आणि गेमच्या प्रत्यक्ष पार्श्वभूमीवर ठेवून तपासते. सावल्या भरताना एक फ्रेम पूर्ण करून दुसरीकडे जाण्यापेक्षा एक अवयव सर्व फ्रेममध्ये रंगवावा: आधी आठही फ्रेममधला चेहरा, मग आठही फ्रेममधले लुगडे. असे केले नाही तर सावलीची कड प्रत्येक फ्रेममध्ये थोडी सरकते आणि चालताना पात्राच्या अंगावर डाग लुकलुकल्यासारखे वाटते. २०१७ साली आलेल्या ‘कपहेड’ या गेममध्ये पात्रे कागदावर पेन्सिलने काढून, शाईने पक्की करून मग संगणकावर रंगवली गेली, हजारो चित्रांमध्ये रंगांचा हा एकसारखेपणा कसा सांभाळला आहे ते सावकाश थांबून पाहण्यासारखे आहे.

शेवटच्या टप्प्यात चित्रकला फारशी उरत नाही, पण चुका इथेही महाग पडतात. सर्व फ्रेमचा कॅनव्हास एकाच मापाचा ठेवावा आणि पायाखालचा बिंदू एकाच जागी असावा, नाही तर पात्र जमिनीवर घसरते. फाइलचे क्रमांक ०१, ०२ असे द्यावेत, कारण नुसते १, २ दिल्यास काही ठिकाणी १ नंतर थेट १० लागतो. सगळ्या फ्रेम एकत्र ठेवणाऱ्या एका शीटवर त्या मांडताना दोन चित्रांमध्ये दोन-तीन पिक्सेल मोकळे सोडावेत.

साधनांसाठी अडून राहू नये. पिक्सेल आर्टसाठी ॲसेप्राइट सोयीचे आहे, आणि क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर हाताने काढलेल्या फ्रेमसाठी पुरेसे आहे. दोन्हींत मागची-पुढची फ्रेम पुसट दाखवणारी ओनियन स्किन असते. हालचाल कळत नसेल तर मोबाइलवर घरातल्या कोणाचे तरी चित्रीकरण करावे. जॉर्डन मेकनर यांनी १९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमसाठी आपल्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याच्या चित्रीकरणावरूनच फ्रेम काढल्या होत्या.

पोर्टफोलिओत वीस पात्रांची वीस उभी चित्रे ठेवण्यापेक्षा एकाच पात्राचे उभे राहणे, चालणे, उडी, वार आणि मार खाणे ही पाच ॲनिमेशन हलत्या स्वरूपात ठेवावीत, आणि त्यांच्या शेजारी राखाडी कच्च्या फ्रेमही ठेवाव्यात. निवडीसाठी अर्ज माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी त्या कच्च्या फ्रेमच उघडते.