तांबडं फुटायच्या आत निघायचं असेल तर

उन्हाळ्यात म्हैसमाळहून लातूरला परतायचं तर पहाटे ४ ला निघावंच लागतं. खुलताबाद, संभाजीनगर, बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा लांबचा पल्ला, आणि दुपारी मोटरहोमचा, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेल्या आमच्या गाडीचा पत्रा तापला की आत लेकरांना बसवत नाही. पण घाई आपली असते, मुक्कामाच्या जागी शेजारी झोपलेल्यांची नसते. म्हणून माझी तयारी सकाळी नसतेच, ती आदल्या संध्याकाळी असते. पहाटे फक्त बसायचं आणि निघायचं, एवढंच उरलं पाहिजे.

पहिलं काम मुक्कामाला पोचल्या पोचल्याच करायचं. फाटकाजवळची सपाट जागा मागून घ्यायची आणि उजेड असतानाच गाडी मागं घेऊन लावायची, तोंड रस्त्याकडं. पैठणला नाथसागराच्या काठी एकदा मी हे केलं नव्हतं. पहाटे गाडी मागं घेतली आणि रिव्हर्स हॉर्न वाजायला लागला. बाजूच्या तंबूतलं तान्हं लेकरू दचकून रडायला लागलं. आरशात त्याची आई दिसली, लेकराला खांद्यावर घेऊन अनवाणीच येरझाऱ्या घालत पाठ थोपटत होती. मी माफी मागायला खाली उतरले, तर त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हातानं ‘जावा’ म्हणाल्या. त्या दिवसापासून गाडीचं तोंड आत ठेवून मी झोपले नाही. तुमची गाडी एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक चालणारी असेल तर फाटकाजवळची जागा आणखीच गरजेची, कारण रात्रीत हवा उतरली की प्रेशर भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागतं. बाकीच्या नव्या डिझेल गाड्यांना दहा-दहा मिनिटं घरघर करत उभं राहायची काही गरज नाही. चालू करावी आणि पहिले काही किलोमीटर हळू न्यावी, चालता चालता ती गरम होते.

दिवेलागणीला बाहेरचं सगळं आत घ्यायचं. कनात गुंडाळायची, खुर्च्या, पायरी, विजेची वायर, पाण्याचा पाइप उचलायचा. चाकाखालचे लाकडी ठोकळेही तेव्हाच काढायचे. गाडी जराशी कलली तर उंच बाजूला डोकं करून झोपता येतं, पहाटे ठोकळ्यांवरून धाडकन उतरण्यापेक्षा ते बरं. रात्रीचा पंखा बॅटरीवर चालतो. सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची, कुणाच्या बांधाला नाही.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोलते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली मी आहे. मुक्कामाच्या जागी नळ दिसला म्हणून टाकी काठोकाठ भरून न्यायची, हे मला बघवत नाही. आमची टाकी १०० लिटरची आहे, वाटेला लागेल तेवढंच, पाव-अर्धी भरून घेतो. आपण चारला निघून जातो, पण सात वाजता नळाला येणाऱ्या मावशीच्या घागरीत पाणी पडलं पाहिजे.

रात्रीच्या जेवणानंतर हिशोब चुकता करायचा, राखणदार काकांना वेळ सांगायची आणि फाटकाची साखळी कशी सोडायची ते बघून ठेवायचं, नाहीतर ती लोखंडावर खणखणते. उसनी घेतलेली पक्कड परत द्यायची. आणि शेजाऱ्यांना सांगायचंच, “भाऊ, आम्ही पहाटे निघणार, आवाज होऊ देत नाही, झाला तर सांभाळून घ्या.” मागच्या खेपेला एक आजी म्हणाल्या, “मग आम्हालाबी उठव गं बाई, घृष्णेश्वराला जायचंय.” न सांगता निघाले असते तर त्यांची गाठही पडली नसती.

खाण्याचं रात्रीच उरकायचं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात, चहा थर्मासमध्ये, गॅसचा व्हॉल्व्ह बंद. ताटं-वाट्यांच्या मध्ये फडकी घालायची, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात भांडी वाजतात. लेकरांना प्रवासाच्या कपड्यांतच झोपवायचं. पहाटे उचलून सीटवर बसवून बेल्ट लावायचा, चालत्या गाडीत पलंगावर झोपू द्यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात आपल्याकडं बरीच माणसं तंबूत झोपत नाहीत. उकडतं म्हणून सतरंजी, वाकळ, बाज, जे असेल ते घेऊन उघड्यावर आडवी होतात, आणि रात्रीतून वारा जिकडून येईल तिकडं सरकतात. संध्याकाळी मोकळी दिसलेली वाट पहाटे मोकळी असेलच असं नाही. म्हणून किल्लीला हात लावण्याआधी गाडीभोवती पायी एक फेरी मारायची, चाकांच्या पुढं-मागं वाकून बघायचं. टॉर्च जमिनीकडं, बोटांनी अर्धी झाकलेली. कुत्रं भुंकायला लागलं तर पळायचं नाही, उभं राहायचं. रात्री भाकरीचा तुकडा दिलेला असेल तर ते बहुधा ओळखतं.

दारं आपटायची नाहीत. सरकतं दार एकदाच उघडायचं, सगळे आत आले की हातानं धरून आणायचं आणि शेवटी अंगानं दाबायचं, कट्ट वाजेपर्यंत. रिमोट वापरायचा नाही, त्याची टिकटिक रात्री लांब जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आपण त्या रात्रीतच निघतोय.

हेडलाइट उघड्यावर झोपलेल्यांच्या थेट डोळ्यांवर येतात. म्हणून फाटकापर्यंत फक्त पार्किंग लाइट, आणि आमचे हे टॉर्च घेऊन पुढं चालतात, मी त्यांच्या मागं पायी चालल्याच्या वेगानं गाडी आणते. त्यांनी हात वर केला की थांबायचं, मग वाट कितीही मोकळी वाटो. फाटकाबाहेर आलो की ते साखळी हातात धरून परत अडकवतात, कारण उघडं राहिलं तर गुरं आत शिरतात आणि झोपलेल्यांच्या अंगावर जातात. मग ते गाडीत बसतात, आणि वळणाच्या पलीकडं गेल्यावर मी हेडलाइट लावते.