ऑफिससाठी ब्लेझर-पँटचा सूट कमी पैशात कसा घ्यायचा

रोजच्या ऑफिसला कुर्ता चालून जातो, पण इंटरव्ह्यू, क्लायंट मीटिंग, प्रेझेंटेशन असं काही आलं की सूट लागतो आणि मग आदल्या रविवारी घाईघाईत जाऊन जो अंगात बसेल तो आपण उचलतो. माझा पहिला सूट असाच घेतलेला, काळा, सेलमधला. दोनदा ड्रायक्लीन झाला आणि समोर छातीपाशी कापडाला बारीक बारीक फुगे आले. मला वाटलं लाँड्रीवाल्याने जाळला. नंतर कोट शिवणाऱ्या एका काकांनी अस्तर उसवून आतलं दाखवलं. पुढच्या भागाला ताठपणा यावा म्हणून आतून एक कापड गरम प्रेसने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात, ते हलक्या प्रतीचं असलं की वरच्या कापडापासून सुटतं आणि एकदा सुटलं की कितीही इस्त्री फिरवा, फुगे जात नाहीत. त्या दिवसापासून मी सूट आधी आतून बघते आणि मग बाहेरून, आणि मैत्रिणींनाही तेच सांगते.

आधी घरचं कपाट उघडा

दुकानात जायच्या आधी आपल्याकडे कुठल्या रंगाचे शर्ट, टॉप, कुर्ते आणि बूट आहेत ते बघून घ्या. पहिलाच सूट असेल तर नेव्ही ब्लू किंवा गडद राखाडी घ्या असं मी म्हणेन. काळा सगळ्यांना सेफ वाटतो पण त्याच्यावर धूळ, केस, कोंडा सगळं लगेच दिसतं, आणि हलक्या कापडाचा काळा धुऊन धुऊन तपकिरीकडे झुकतो. नेव्ही ब्लेझर साध्या कुर्त्यावरही चालतो, हँडलूमच्या साडीवरही छान दिसतो, म्हणजे एकाच खर्चात चार प्रकारे वापरता येतो. बजेट धरताना नुसती किंमत बघू नका, वर्षात किती वेळा घालणार ते धरा. ३,००० चा ब्लेझर ६० वेळा घातला तर एका वेळेला ५० रुपये पडतात, १,२०० चा चार वेळा घालून टाकून दिला तर ३००.

टॅक्सचंही एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर एका नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे मूळ किंमत २,५०० असलेला ब्लेझर टॅक्स धरून २,६२५ ला पडतो आणि २,६०० वाला थेट ३,०६८ ला. मूळ किमतीत फरक शंभराचाच, पण हातातून जास्तीचे जातात जवळजवळ साडेचारशे, म्हणून या सीमेच्या जरासं वरचं काही आवडलं तर खालच्या किमतीतलं पण एकदा घालून बघाच.

रेडीमेड की शिवून?

खांदे आणि छाती दोन्ही एकाच साइजमध्ये बरोबर बसत असतील तर रेडीमेड घ्या, सीझन संपतानाच्या सेलमध्ये घ्या आणि वाचलेले पैसे अल्टरेशनला ठेवा. पण ज्यांना छातीला एक साइज लागते आणि खांद्याला दुसरी, किंवा उंची कमी असल्यामुळे बाही कायम हातावर येते, त्यांनी शिवून घेतलेलंच बरं. खर्च फार वाढत नाही कारण सूटिंगचं कापड अजूनही परवडतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ मंगळदास मार्केट आहे (रविवारी बंद असतं, त्यामुळे शनिवारी लवकर निघा), दादरला हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेतलं कापडगंज, नागपूरला गांधीबाग.

कापड मागताना टेरीरेयॉन म्हणून सांगा, काही ठिकाणी टीआर म्हणतात, म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोस मिसळलेलं. राजस्थानातलं भीलवाडा अशा सूटिंगसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या हवेला आणि खिशाला हेच सगळ्यात जास्त झेपतं, पडतं छान आणि चुरगळत कमी. लिनन दिसायला सुंदर पण बसून उठलं की मागे घड्या पडतात, आणि वुलन मिक्स फक्त ज्यांचं ऑफिस फार थंड एसीचं आहे त्यांनी घ्यावं. निव्वळ पॉलिस्टर स्वस्त असतं पण मे महिन्यात ते अंगावर ठेववत नाही.

तपासायचं असं, कापडाचा कोपरा मुठीत दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबून सोडा, घडी तशीच राहिली तर अंगावरही तशीच राहणार. मग कापड दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नेव्ही आणि काळा सारखेच दिसतात. शंका असेल तर कडेचा एक दोरा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून बघा, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, व्हिस्कोस किंवा कॉटन कागदासारखं जळून राख होते, मिक्स असेल तर दोन्ही थोडं थोडं दिसतं.

५८ इंची पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) कापड असेल तर ब्लेझरला दीड ते पावणेदोन मीटर आणि पँटला साधारण सव्वा मीटर लागतं, नक्की माप टेलरला विचारूनच घ्या. आणि परवडत असेल तर दुसऱ्या पँटचं कापड तेव्हाच, त्याच ताग्यातून घ्या. सूटमध्ये पँट आधी झिजते, मांडीला आणि बसायच्या जागी, आणि वर्षभराने जाऊन तोच रंग मागितला तर दुकानदार तोच नंबर दाखवेल पण रंगात फरक पडलेला असतो. दोन पँट असल्या की सूट दुप्पट चालतो असं समजा.

टेलर निवडताना मात्र चूक करू नका. ब्लाउज आणि ड्रेस उत्तम शिवणाऱ्या ताई कोट शिवतीलच असं नाही, ते काम वेगळं आहे. जेंट्स कोट शिवणारे जे जुने टेलर असतात त्यातले बरेच जण लेडीज ब्लेझर पण शिवतात, त्यांनी आधी शिवलेला एखादा बघायला मागा. दोन गोष्टी बोलून ठेवा, कच्च्या टाक्यावर एक ट्रायल हवी आणि शिवणीत निदान एक इंच मार्जिन ठेवा, म्हणजे वजन वाढलं तरी उसवून सैल करता येईल. अस्तर पूर्ण न लावता फक्त पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना लावून घेतलं तर उन्हाळ्यात बराच फरक पडतो.

घालून बघताना

पहिलं बघायचं खांदा. बाहीची शिवण आपल्या खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. बाहेर लोंबत असेल किंवा आत ओढत असेल तर तो ब्लेझर ठेवून द्या, कितीही आवडला असला तरी आणि कितीही डिस्काउंट असला तरी, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल भाग), बाही, अस्तर सगळं उसवावं लागतं आणि त्यात ब्लेझरच्या किमतीएवढे पैसे जातात. कंबर आत घेणं, बाहीची किंवा पँटची उंची कमी करणं ही साधी कामं आहेत, त्यासाठी अडून बसू नका.

मग बटण लावा आणि समोर बघा, बटणापासून दोन्हीकडे फुलीसारख्या घड्या ताणल्या तर छातीला किंवा कमरेला घट्ट आहे. दोन्ही हात पुढे करा जशी लोकलची कडी पकडतो तसे, मग खुर्चीत बसा, पँटचं आसन ओढतंय का बघा. बाही मनगटाच्या हाडापाशी संपली पाहिजे. शेवटी पुढच्या भागाचं कापड चिमटीत धरून हळूच चोळा, आतलं फ्युजिंग पुठ्ठ्यासारखं कडक लागलं तर ते टाळा. खिसे शिवलेले दिसले तर निराश होऊ नका, बऱ्याचदा ते खरे असतात आणि वरचा दोरा घरी काढता येतो, बोट लावून आत पिशवी आहे का ते चाचपून बघा. ब्लेझरच्या मागे खाली जी फट असते तिच्यावर फुलीचा टाका असतो तो मात्र घालायच्या आधी नक्की काढा, कितीतरी जणी तो तसाच ठेवून मीटिंगला येतात.

मग सांभाळायचा कसा

प्रत्येक वेळी ड्रायक्लीन नको, त्याने कापड लवकर दमतं. घालून आलं की रुंद खांद्याच्या हँगरला पंख्याखाली रात्रभर लावा, मऊ ब्रश फिरवा, डाग असेल तर तेवढाच ओल्या फडक्याने टिपा. ड्रायक्लीनला देताना ब्लेझर आणि पँट दोन्ही एकत्रच द्या, एक जास्त वेळा गेलं की रंग वेगळा पडायला लागतो.

माझ्यासारखं डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्यांनी ब्लेझर गर्दीत घालू नका, बॅगेत न्या. आधी एक खांदा आतून बाहेर उलटा करा, दुसरा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्यात बसवा, बाह्या आत सरळ करा, म्हणजे अस्तर बाहेर राहतं आणि चांगली बाजू आत. मग एकदाच मधून सैल घडी घालून बॅगेत जेवणाच्या डब्याच्या वर, सगळ्यात शेवटी ठेवा. उतरल्यावर झटकून घातला की इस्त्री लागत नाही.