गाडी ओढत नाही म्हणून थेट मोठं इंजिन? या चुका टाळा

"दीडशे सीसीत मजा नाही, घ्यायची तर साडेतीनशेच घे." जालन्यापासून लातूरपर्यंत कोणत्याही टपरीवर हा सल्ला फुकट मिळतो. पैसे भरण्याआधी थोडा हिशेब करा.

गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ६० ने जायला चाकाशी साधारण साडेतीन-चार बीएचपी (म्हणजे अश्वशक्ती, इंजिनाची ताकद) लागते, ८० ला सातेक, १०० ला बारा आणि १२० ला वीसच्या आसपास. वेग दुप्पट झाला की हवा कापायला आठपट ताकद लागते, म्हणून सगळा खर्च वरच्या वेगावर होतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे आणि समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. मग मोठ्या इंजिनाची चाळीस बीएचपी वापरणार कुठे?

नुसता बीएचपीचा आकडा बघणं ही मोठी चूक. तो आकडा कोणत्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो ते बघा. केटीएमची ३९० ड्यूक चाळीसच्या वर बीएचपी देते, पण साडेआठ-नऊ हजारांच्या घरात. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ची ताकद वीसच, तरी तिचा २७ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) ४,००० लाच हाताशी येतो. गावातून, ट्रॅक्टरच्या मागून, खड्डे चुकवत जाताना हाच टॉर्क सुख देतो. मात्र ती १९५ किलोची आहे. मऊ मुरमात वळवताना ते वजन जाणवतंच.

घाटात चुकीचा गिअर ही दुसरी चूक, आणि ही तर घरोघरी दिसते. कन्नडच्या औट्रम घाटात डबलसीट स्प्लेंडर चौथ्या गिअरवर पस्तीसला आली की हिसके देते. तिची आठ बीएचपी ८,००० आरपीएमला आहे. चौथ्यावर त्या वेगाला इंजिन निम्म्या आरपीएमलाही नसतं. तिसरा टाका, गरज पडली तर दुसरा. इंजिन ओरडलं तरी बिघडत नाही, खालच्या आरपीएमला दाबून चालवल्यानेच त्याचे हाल होतात.

गाडी पूर्वी ओढायची आणि आता ओढत नाही, तर दोष सीसीचा नाही. मुख्य स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. अडखळलं तर ब्रेक घासतोय. चेन वरखाली २५-३० मिमी हलली पाहिजे. रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतात. एअर फिल्टरही उघडून बघा, उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ त्याला लवकर चोंदवते. तेलकट कागदी फिल्टर हवेने झटकू नका, बदला. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चकतीचा) दात कमी करून पिकअप वाढवायचा उद्योग मात्र नको. पिकअप वाढतो, पण महामार्गावर इंजिन सारखं ओरडत राहतं.

माझ्या मते इथल्या रस्त्यांवर ११ ते १६ बीएचपी भरपूर झाली. सामान आणि जोडीदार घेऊन नांदेड-संभाजीनगर नेहमीचं असेल तर वीस घ्या. पहिलीच गाडी असेल तर चाळीसच्या वाटेला जाऊ नका. ते पैसे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), चांगले टायर आणि हेल्मेटवर घाला.

टेस्ट राइड मात्र एकट्याने घेऊ नका. घरचं माणूस मागे बसवा आणि ५० वरून ७० ला जाताना गाडी कशी उचलते ते बघा, कारण एसटीला ओव्हरटेक करताना तेवढंच लागतं.