शॉकअपची स्प्रिंग बदलताय? आधी या चुका टाळा

जुनी थंडरबर्ड किंवा बुलेट घेऊन कोणी आलं आणि म्हणालं, "मागून फार बसते, कडक स्प्रिंग टाकू," की मी आधी शॉकअपची दांडी बघतो. दांडी तेलकट असेल तर स्प्रिंगचं बोलणं तिथेच थांबवतो. वजन पेलणं स्प्रिंगचं काम, उसळी आवरणं आतल्या तेलाचं. तेल गळालं असेल तर कडक स्प्रिंग गाडीला आणखीच जोरात उडवते.

एका मित्राने हेच केलं. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, नव्या कडक स्प्रिंगा आणि कुंभार्ली घाट. प्रत्येक वळणावर मागचं चाक नाचायला लागलं. त्याने टायरला दोष दिला आणि टायरही बदलला! शेवटी स्प्रिंग काढून मी दांडी हाताने दाबली, तर वॉशर गेलेल्या सायकल पंपासारखी आत-बाहेर. दांडी धड असेल तर ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागतो. गॅसचा शॉकअप असेल तर ती सावकाश, एका चालीने आपणहून बाहेर येते. स्प्रिंग काढलेली असते तेव्हा ही तपासणी फुकट होते, तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत. घाई.

दुसरी चूक माझीच. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आणायला कोण जाणार, म्हणून सामान बांधायच्या पट्ट्यांनी स्प्रिंग आवळली. स्प्रिंगवरची वाटी धरून ठेवणारे दोन अर्धचंद्र लॉक निघाले, तेवढ्यात एक पट्टी सटकली. वरची वाटी कानाजवळून गेली आणि गॅलरीतली ट्यूबलाइट फुटली. त्या दिवसापासून दोन हुकांचा कॉम्प्रेसर समोरासमोर लावतो, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवतो आणि तोंड कधीच दांडीच्या रेषेत ठेवत नाही. "दोघांनी पाय देऊन दाबू" म्हणणाऱ्याला मी चहा प्यायला पाठवतो.

एकाच बाजूची स्प्रिंग बदलू नका. दोन्ही शॉकअप एकदम सोडू नका, मेन स्टँडवर असली तरी चाक खाली लोंबतं. स्प्रिंगचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतील तर काढण्याआधी फोटो काढा आणि निघाली तशीच बसवा. शॉकअपच्या टोकांतल्या रबरी बुशला ग्रीस नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

शॉकअपवरची, स्प्रिंग आवळणारी खाचांची रिंग शेवटच्या खाचेवर नेली की स्प्रिंग कडक झाली, असं मानणारे पुष्कळ. स्प्रिंग तेवढीच कडक राहते, गाडी फक्त वर उचलली जाते. मी मोजून ठरवतो. चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावायचा, मग रोजच्या सामानासकट बसून पुन्हा. मागच्या चाकाचा वर-खाली एकूण खेळ ८० मिलिमीटर असेल तर २० ते २७ मिलिमीटरचा फरक मला पटतो. पहिल्या खाचेवरच १० येत असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी फार कडक आहे. शेवटच्या खाचेवरही ४० येत असेल तर ती नरम आहे.

मागची उंची बदलली की चेनची ढिलाईही बदलते, तीही सामान चढवून बघा. रात्री निघायचं असेल तर भिंतीवर हेडलाइटचा झोत तपासा. मागून गाडी उचलली की तो पुढच्या चाकाजवळ येऊन पडतो.